कुंकवाचं बोट

पौडच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि पहिल्या पंधरवड्यातच त्या मुलखानं मला विधवा करून टाकलं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. नर्सचं पातळ पांढरं. बाळंतपणाला हात कोपरापर्यंत घासून धुवावे लागतात म्हणून बांगड्या नाहीत. लग्नात मंगळसूत्राऐवजी अंगठी घातलेली, तीही त्याच कारणानं ट्रंकेत, रुमालात गुंडाळून. आणि आम्ही ख्रिस्ती, आमच्या मंडळीत कुंकू लावत नाहीत. पांढरं पातळ, मोकळे हात, पांढरं कपाळ. एवढा पुरावा समोर असताना लोकांनी निकाल दिला तर त्यांना काय बोल लावायचा? नवरा मिलिटरीत, लांब उत्तरेला. वर्षातून एकदा नाताळात दहा दिवस यायचा आणि त्यातले आठ दिवस झोपून काढायचा. तो दिसणार कुणाला?

मी वाढले नगरकडं. तिथं ख्रिस्ती माणसं गल्लोगल्ली, कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. मुळशीत आमची सगळी मिळून नऊ घरं. गावांना ‘किरिस्ताव’ हा शब्द माहीत होता, पण त्या शब्दाच्या बायका कपाळाला काय लावतात हे कुणी कधी विचारलं नव्हतं. एकदा भुकूमला एका बाळंतिणीच्या सासूला मी सांगून पाहिलं, की मावशी, माझा नवरा चांगला धडधाकट आहे. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, ‘‘वाटतं बाई असं. लई दिस वाटत ऱ्हातं.’’ त्यानंतर मी सांगणंच सोडून दिलं. मला राग फार लवकर येतो आणि खुलासे करायचा कंटाळा त्याहून लवकर येतो.

विधवा नर्सचं कसं असतं ते मी तीन वर्षं शिकले. कळा सुरू झाल्या की माणूस धावत बोलवायला येई, ‘‘बाई, चला, चला बिगी बिगी.’’ तेव्हा माझ्या कपाळाकडं कुणी बघत नसे. पोर सुखरूप बाहेर आलं, रडलं, नाळ बांधली, की घरातली एखादी म्हातारी खाली बघत हळूच म्हणे, ‘‘बाई, जरा मागल्या दारानं जाता का? पुढं सवाष्णी आल्यात.’’ जिचा नवरा जिवंत ती सवाष्ण, म्हणजे मीसुद्धा. पण हे त्या वेळी कुणाला पटवणार? पाचवी पुजायला मला बोलावणं नाही, बारशाला नाही. ज्या पोरांना मी उलटं धरून पहिला श्वास घ्यायला लावला त्यांची नावं मला आठवड्यानं दुसऱ्याच कुणाकडून कळायची. मागच्या दारी बहुतेक उकिरडा असतो. त्याला वळसा घालून, हातातली पेटी सांभाळत रस्त्याला लागताना मला रडू यायचं, आणि रडू आलं म्हणून परत राग यायचा.

पण माझा रविवार माझा होता. पौडच्या बाहेर नदीकडच्या अंगाला, कुण्या जुन्या साहेबानं बांधून ठेवलेलं पत्र्याच्या छपराचं आमचं देऊळ होतं. आम्ही त्याला देऊळच म्हणतो. पुण्याहून महिन्यातून एकदा म्हातारे पाळकसाहेब मोटारीनं यायचे. बाकीचे रविवार पहिले पंच, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांतले मुख्य, उपासना चालवायचे. हे पहिले पंच पेन्शनीत निघालेले मास्तर. अक्षर मोत्यासारखं, माणूस साधा. खरी पंचायत त्यांच्या बायकोच्या हातात. तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत. मी मनातल्या मनात तिला पंचीणबाई म्हणायची, आणि या वयात ते कबूल करायला हरकत नाही.

पंचीणबाई दारातल्या पहिल्या बाकावर बसे, म्हणजे येणारा प्रत्येक जण तिच्यासमोरूनच आत जाणार. पदर डोक्यावर आहे का, पोरांची नाकं पुसली आहेत का, गायनाच्या तिसऱ्या कडव्याला कोण नुसतेच ओठ हलवतं, प्रार्थनेत कुणाचे डोळे उघडे असतात. (हे शेवटचं तिला कसं कळे हे विचारायचं धाडस कुणालाच झालं नाही.) आमच्याच मंडळीतल्या कंपाउंडरच्या बायकोनं दिवाळीत शेजारणीकडची करंजी खाल्ली, यावर ती दोन रविवार बोलत होती. भाषा अगदी शुद्ध, उपदेशातल्यासारखी. ‘‘सिस्टरबाई, आपण गेल्या रविवारी दिसला नाहीत. कामामुळे, हे समजते. परंतु कामाचा देव वेगळा आहे का?’’ आता काय सांगायचं? की त्या वेळी मी ताम्हिणीच्या वाटेवर एका जीपगाडीत एका बाईचा रक्तस्राव थांबवत होते, आणि आयुष्यात तेवढी मनापासून प्रार्थना मी कुठल्याच बाकावर बसून केली नव्हती? मी म्हणायची, ‘‘हो मावशी.’’

चौथ्या वर्षी मला दिवस राहिले. मंडळीत आनंद झाला, कारण मंडळीनं नाताळात माझा नवरा पाहिला होता. गावांनी पाहिला नव्हता. सहाव्या महिन्यापासून मी पेटी घेऊन दारात उभी राहिले की बायकांचं बोलणं एकदम बंद व्हायचं. विधवा बाई, पोट पुढं आलेलं, आणि वर खुशाल चहा मागतेय! त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलणं बंद केलं असतं, नाहीतर चांगलंच वाढवलं असतं.

असंच आषाढातल्या एका शनिवारी दुपारी कासार आंबोलीहून बोलावणं आलं. पोर पायाळू होतं, पायांकडून येत होतं. तिथली सुईण म्हातारी, मिश्रीनं दात काळेभोर, माझ्यावर तिचा पहिल्यापासून राग. तिच्या हातचं काम मी पळवते असं तिचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. पण त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून दोन तास झुंज दिली. तिनं पोट दाबून धरलं, मी खालून हात घालून मान सोडवली. पोरगा निळा पडला होता. त्याला चार धपाटे घातले तेव्हा एकदाचा ओरडला. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. तिनं माझ्या पोटाकडं बघितलं आणि घरातल्या सगळ्या बायकांच्या समोर, जे गेले दोन महिने कुणी विचारत नव्हतं ते विचारलं.

‘‘बाई, हे कुनाचं हाय?’’

‘‘माझ्या नवऱ्याचं!’’ मी खेकसले. ‘‘आणि कुणाचं असणार?’’

‘‘नवरा हाय?’’

‘‘हाय. मिलिटरीत हाय. सरहद्दीवर.’’

म्हातारी ताडकन उठली. मला वाटलं माफी मागतेय. कसली माफी! ‘‘आगं सटवे,’’ ती ओरडली, ‘‘नवरा जिता, बंदुकीपुढं हुबा, आन तू पांढरं कपाळ घिऊन गावभर हिंडतीयास? त्येच्या जिवावर उटलीस व्हय गं? काळीज हाय का दगूड?’’ आणि मी काही बोलायच्या आत तिनं कोनाड्यातला करंडा ओढला, मेण लावलं, आणि अंगठ्याएवढं कुंकू माझ्या कपाळावर दाबून बसवलं. मग त्या घरच्या सासूनं माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला पुढच्या दारानं बाहेर पाठवलं, दोन सवाष्णी वेशीपर्यंत सोबत.

माझा धर्म काय सांगतो ते मला माहीत होतं. वेशीबाहेर पडल्याबरोबर पदरानं पुसून टाकायचं, एवढंच. भुरभुर पाऊस होता, नुसतं तोंड वर केलं असतं तरी आपोआप गेलं असतं. खरं सांगते, पौडपर्यंत सगळी वाट मी छत्री पुढं धरून चालले, पेटी भिजली तरी चालेल पण कपाळावर थेंब पडू नये म्हणून. खोलीवर येऊन आरशात पाहिलं. आरशात एक नवरा असलेली बाई होती. मला ती फार आवडली. मी तिच्याकडं पुष्कळ वेळ बघत राहिले, मग तिला सांगितलं, की बये, उद्या रविवार आहे. आणि रविवारी सकाळी उठून मी तोंड धुतलं ते तेवढी जागा सोडून. कसं, ते विचारू नका. रुमाल ओला करून, कडेकडेनं, जखमेभोवती साफ करतात तसं.

देवळात मी आले तेव्हा पहिलं गायन चाललं होतं. ते थांबलं नाही, पण तिसऱ्या कडव्याला नुसतेच ओठ हलवणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. पंचीणबाईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी तयार होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं डोळे मिटून घेतले ते उपासना संपेपर्यंत उघडले नाहीत. संपल्यावर माझ्याशी कुणी बोललं नाही. बाहेर येऊन मी नदीवर तोंड धुतलं.

मंगळवारी पहिले पंच आणि आणखी दोन पंच माझ्या खोलीवर आले. चहा घेतला नाही, यावरून मी ओळखलं. मास्तरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, ‘‘सिस्टरबाई, आपल्यामुळे मंडळीला अडखळण झाली आहे.’’

अडखळण हा आमचा खास शब्द आहे. चालता चालता दगड लागून माणूस पडतो, तसा एकाच्या वागण्यानं दुसऱ्याचा विश्वास पडतो, तो दगड म्हणजे अडखळण. मी म्हटलं, ‘‘कोण पडलं?’’ मास्तर म्हणाले, नाव घेणं बरं नव्हे. मी म्हटलं, ‘‘मला बघून कोण पडलं ते सांगा, मी नर्स आहे, येऊन पट्टी बांधते.’’ हे बोलायला नको होतं. माझ्या जिभेला हाड नाही हे मला त्या वेळीही ठाऊक होतं. ठरलं असं, की मंडळीपुढं उभं राहून मी कबुली द्यावी. तोवर प्रभुभोजनाला, म्हणजे आम्ही सगळे मिळून एका भाकरीचे तुकडे घेतो त्याला, मी बसू नये. मी म्हटलं, ‘‘बसत नाही. येतच नाही.’’

गंमत बघा. बाहेर कुंकू नाही म्हणून मागलं दार, आत कुंकू होतं म्हणून बाहेरचं दार. माझ्या एवढ्याशा कपाळावर दोन धर्मांनी निकाल दिले, आणि दोघांनाही माझ्या आत्म्याची सारखीच काळजी.

सप्टेंबरात मुलगी झाली. रविवारी मी तिला मांडीवर घेऊन खोलीतच उपासना करायची. देव खोलीत होता, याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. इतक्या घरांत इतक्या अवघड वेळी तो मला भेटला होता की पत्त्याचा त्याला प्रश्नच नसावा. प्रार्थना व्हायची. शास्त्र वाचून व्हायचं. गायन मात्र होईना. एकटीनं गायलं की आपला आवाज किती वाईट आहे ते कळतं. कंपाउंडरचा फाटका खालचा सूर, मास्तरांचं दोन मात्रा मागं राहणं, आणि हो, पंचीणबाईचा तो खणखणीत, कुणालाच चुकू न देणारा आवाज, हे सगळं मिळून माझं गाणं होत होतं. मला त्यांची आठवण यायची. ज्यांनी मला बाहेर काढलं त्यांच्यासाठीच जीव तुटायचा, आणि मग मी चिडून दुपट्याच्या घड्या घालत बसायची.

नवऱ्याचं पत्र आलं. लिहिणारा माणूस नव्हेच तो, चार ओळी. नाताळात रजा मंजूर आहे. त्यानंतर पलटण वर बर्फात जाणार, केव्हा खाली येणार ते सांगता येत नाही. मुलीचा बाप्तिस्मा माझ्यादेखत व्हावा एवढीच इच्छा आहे. ते ‘एवढीच’ वाचून मी पत्र उलटं ठेवलं. पाळकसाहेबांची फेरी नाताळानंतरच्या रविवारी होती. त्या एका दिवशी झाला तर झाला. आणि जिनं कबुली दिली नाही तिच्या मुलीचा बाप्तिस्मा करणार नाही, असं पंचांनी आधीच कळवलं होतं.

नवरा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, छत्रीसकट. तो हसला. मग आम्ही मास्तरांकडं गेलो. मास्तरांना बिचाऱ्यांना मनापासून वाट काढायची होती. त्यांनी कबुली स्वतःच लिहून ठेवली होती, त्या मोत्यासारख्या अक्षरात: माझ्या कपाळावर नजरचुकीने कुंकू राहिले, त्याबद्दल मी मंडळीची क्षमा मागते. ‘‘एवढे वाचा, सिस्टरबाई, की लगेच बाप्तिस्मा.’’ नजरचुकीने! मी घरी येऊन म्हटलं, हे खोटं आहे. नवरा म्हणाला, ‘‘वाच की चार शब्द. आम्ही पलटणीत रोज न केलेल्या चुका कबूल करतो.’’ त्याचे गाल थंडीनं फुटले होते. मी म्हटलं, वाचते. आणि खरंच वाचणार होते.

त्या रविवारी देऊळ भरलेलं होतं. पाळकसाहेब आले होते, पितळी घंगाळात पाणी तयार होतं. पंचीणबाई पहिल्या बाकावर, मांडीवर छोटा पांढरा टॉवेल. बाप्तिस्म्यानंतर मुलाचं कपाळ टिपायचं काम वर्षानुवर्षं तिचंच. मी मुलीला घेऊन पुढं बसले, शेजारी नवरा गणवेशात. एवढ्यात दारात गलका झाला. कासार आंबोलीची सुईण. दवाखान्यात तिनं ऐकलं होतं की बाईच्या पोरीचं देवळात बारसं आहे. मी ‘या’ म्हटलं होतं ते उगीच म्हणायचं म्हणून. ती खरंच आली, हातात नवं कुंची-टोपडं घेऊन. आत येऊन तिनं चारी भिंतींकडं पाहिलं, ‘‘देव कुटं हाय?’’ म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मोकळी दिसली ती जागा धरली. ती नेमकी पंचीणबाईच्या शेजारची होती.

मास्तर उभे राहून शास्त्रपाठ वाचत होते. सुईणीनं पंचीणबाईच्या कपाळाकडं पाहिलं, च्च केलं, आणि तिच्या मते हळू आवाजात विचारलं, ‘‘मालक कवा गेलं, बाई?’’

सगळ्या देवळाला ऐकू गेलं. कंपाउंडरच्या बायकोनं मागून बोट करून दाखवलं, की ते काय, वाचतायत.

‘‘त्यो?’’ सुईण म्हणाली. ‘‘जिता हाय? आगं बया!’’ आणि तिचा हात कनवटीला गेला. तिथं तिचा छोटा करंडा असायचा. पंचीणबाईनं तिचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलंही नाही. पोरं खिदळायला लागली. मास्तर ओळ चुकले, परत मागं गेले, आणि कसंबसं वाचन संपवून माझ्याकडं पाहून म्हणाले, ‘‘सिस्टरबाई.’’

मी मुलीला नवऱ्याकडं दिलं आणि कागद घेऊन उभी राहिले. सुईणीनं नवऱ्याला पाहिलं, मला पाहिलं, आणि तिचा चेहरा फुलला. चारचौघांत नवऱ्यासमोर बाईला उभं करतात ते कशासाठी, हे काय तिला सांगायला हवं? ‘‘घे, बाई, घे!’’ ती ओरडली. ‘‘नाव घे नवऱ्याचं, लाजू नगंस!’’

माझ्या हातात ‘नजरचुकीने’ होतं. हिच्यासमोर ते कसं वाचायचं? माझ्या नवऱ्याच्या जिवासाठी ज्या बाईनं, माझ्यावर राग असताना, ते बोट लावलं, तिच्यासमोर म्हणायचं की ते चुकून राहिलं? आणि ज्या देवाच्या घरात उभी होते त्याला तर छत्रीचं सगळं माहीत होतं. मी कागदाची घडी घातली.

‘‘नजरचुकीनं नव्हतं,’’ मी म्हटलं. ‘‘मी ठेवलं ते. छत्री धरून घरी आणलं, तेवढी जागा सोडून तोंड धुतलं. मला तीन वर्षं लोक विधवा म्हणत होते. एक दिवस म्हणाले नाहीत, ते मला आवडलं. याबद्दल मला क्षमा मागायची असेल तर मी देवाची मागेन, अजून मला कळत नाही मागावी का ते. पण ते लावून मी आले कुठं? इथंच आले ना? दुसऱ्या कुठल्या देवळात गेले का मी?’’

नवऱ्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती. त्याची ‘एवढीच इच्छा’ मी त्याच्यासमोर मोडली होती. मास्तर टेबलाची कड धरून हळू म्हणाले, की मग आज बाप्तिस्मा होणं कठीण, पुढच्या फेरीला विचार करू.

तेव्हा पंचीणबाई उठली. आमच्या मंडळीत बायका मध्येच बोलत नाहीत, आणि हा नियम पाळला जातो की नाही हे बघायचं कामही तिचंच होतं.

‘‘मी पुसलं न्हवं का!’’ ती म्हणाली.

तिची ती शुद्ध भाषा कुठं गेली कुणास ठाऊक. ‘‘मी न्हाई पुसलं? एकुनीस वर्साची हुते. बाप्तिस्मा घेतला त्या दिशी ह्याच हातानं पुसलं. आन म्हायेरी गेले घाटाकडं. आईनं दारातनं माजं कपाळ बगितलं आन खाली बसली, ऊर बडवाया लागली. जावई मागं हुबा, जित्ता, हात जोडून, आन ती त्येच्या नावानं रडतीया. दार लावलं तिनं. परत उगडलं न्हाई. मेली तवा मला कळवलं न्हाई. इतं हाय माजं म्हायेर, वीस मैलांवर, चाळीस वरसं झाली, मी त्या रस्त्यानं गेले न्हाई.’’ ती माझ्याकडं वळली. ‘‘मी पुसलं. मंग हिला का न्हाई पुसता आलं?’’

पाच महिने मी सगळ्यांसाठी उत्तरं तयार ठेवली होती. एकापेक्षा एक झोंबणारी. मी हातातला कागद आणखी बारीक दुमडला. मास्तर खाली बघत होते; त्या दारात मागं उभे होते ते हेच. सुईणीनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, ‘‘लेकीचं तसलं कपाळ कुटली आई बगंल, बाई.’’

पाळकसाहेबांना ऐकायला कमी यायचं. त्यातलं त्यांच्या कानावर किती पडलं देव जाणे. त्यांनी घड्याळ काढून पाहिलं. ‘‘माझी मोटार एक वाजता आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मुलीला आणायचं की नाही?’’

सगळे पंच पंचीणबाईकडं बघायला लागले.

‘‘माज्याकडं काय बगता?’’ ती म्हणाली. ‘‘पोरीनं काय केलंया?’’

मग झालं सगळं. नवऱ्यानं मुलीला पुढं केलं, पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं, तिचं नाव घेतलं. तिनं असा टाहो फोडला की सुईण मागून म्हणाली, ‘‘ग्वाड आवाज हाय.’’ नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते लपवत नव्हता. पाणी पोरीच्या कपाळावरून भुवयांत, नाकाच्या कडेनं खाली चाललं होतं. पंचीणबाई टॉवेल घेऊन आली. तिनं हात उचलला आणि तो पोरीच्या कपाळाजवळ जाऊन तसाच राहिला.

‘‘पुसा ना,’’ मास्तर कुजबुजले.

तिनं टॉवेल माझ्या हातात दिला. ‘‘तुज्या लेकीचं कपाळ हाय,’’ ती म्हणाली. ‘‘तूच पूस, न्हाईतर ऱ्हाऊ दे.’’ आणि जागेवर जाऊन बसली.

मी पुसलं. थंडीचे दिवस होते, पोरीला सर्दी झाली असती.